हवा भरण्याचें यंत्र निवडतांना

ज्यांच्या घरीं मोटार व ट्रॅक्टर दोन्ही आहेत, त्या शेतकरी बंधूंनीं काँप्रेसर घेतांना केवळ त्यावर छापलेल्या कमाल दाबास भुलूं नये. मोटारीच्या टायरास दर चौरस इंचास सुमारें ३० ते ३५ पौंड दाब पुरतो. शेतांत चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागील टायरास त्याहूनही कमी लागतो. परंतु त्यांत हवा मात्र पुष्कळ मावते. म्हणून यंत्र त्या दाबास दर मिनिटाला किती घनफूट हवा देतें, हें आधीं विचारावें. लहान विजेचा पंप मोटारीस पुरे. ट्रॅक्टरकरितां टांकीचा काँप्रेसरच घ्यावा. टांकीस सुरक्षा-झडप असावी. काम संपतांच तळाशीं सांचलेलें पाणी काढावें. आंतून गंजलेली टांकी फुटल्यास जिवावर बेततें.