नांवच कां आठवत नाहीं?

मनुष्याचा चेहरा, धंदा, गांव हें सारें आठवतें. नांव मात्र जिभेच्या टोकाशीं येऊन अडतें. पुष्कळ पालक ह्यास मुलांचा निष्काळजीपणा समजतात. परंतु ह्याचें कारण मेंदूच्या घडणींत आहे.

इ. स. १८६१ मध्यें पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्यानें लबोर्न्य नांवाच्या एका रोग्यास तपासलें. एकवीस वर्षें त्याची वाचा गेलेली होती. कांहींही विचारा, त्याच्या मुखांतून "तां, तां" एवढेंच निघे. सर्व लोक त्यास 'तां' असेंच म्हणत. बिचाऱ्याचें खरें नांव त्या एका अक्षराखालीं झांकून गेलें. तथापि तो वेडा नव्हता. बोललेलें बहुतेक त्यास समजे, हातवाऱ्यांनीं तो उत्तर देई, आणि आपलें म्हणणें कोणास कळलें नाहीं तर संतापे. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकानें त्याचा मेंदू पाहिला, तों डाव्या अर्धाचा पुढील भाग बिघडलेला आढळला. पुढें १८७४ सालीं कार्ल व्हेर्निके ह्या जर्मन वैद्यानें ह्याच्या उलट प्रकारचे रोगी वर्णिले : त्यांचें बोलणें अस्खलित, पण अर्थहीन, दुसऱ्याचें बोलणें मात्र त्यांस उमगत नसे. म्हणजे शब्द समजणें व शब्द उच्चारणें हीं मेंदूचीं निरनिराळीं कामें होत. अर्धांगवायूनें ज्या घरीं आजोबांची वाचा गेली असेल, तेथें त्यांच्यादेखत 'ह्यांना आतां कांहीं कळत नाहीं' असें घाईनें म्हणूं नये.

आतां नांवांकडे वळूं. 'सुतार' शब्द ऐकतांच करवत, रंधा, लाकडाचा भुसा हें सर्व मनांत उभें राहतें. पण शेजारच्या गृहस्थांचें आडनांव सुतार असून ते पोष्टांत कारकून असले, तर त्या आडनांवास ह्यांपैकीं कशाचाच आधार नाहीं. तें एकाच धाग्यावर लोंबतें! ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेंच दिसलें : एकच इंग्रजी शब्द धंदा म्हणून सांगितला तर चेहऱ्यासोबत सहज आठवे, आडनांव म्हणून सांगितला तर आठवणें कठीण जाई.

व्यापारी मालाचीं नांवें ह्यांहून निराळीं. 'डालडा' हें एका मालाचें नांव. पण आपल्या घरोघरीं कोणतेंही वनस्पति तूप डालडाच झालें. अमेरिकेंतील २००२ सालच्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, सामान्य शब्द ओळखण्यांत मेंदूचा डावा अर्ध जितका वरचढ ठरतो, तितका अशा नांवांच्या बाबतींत ठरत नाहीं. शिवाय तीं मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलीं असतां लवकर ओळखतां येतात. देवनागरींत मोठीं अक्षरें नाहींत, हा प्रयोग येथें तसाच करतां यावयाचा नाहीं. पण वाचूं न येणारें मूल बिस्किटाचा पुडा दुरून ओळखून आईचा पदर ओढतें, तें रंग व चित्र ह्यांच्याच बळावर.

विद्यार्थ्यांनीं आतां पान झांकून वरील फ्रेंच रोग्याचें नांव आठवून पाहावें. 'तां' बहुधा सर्वांस आठवेल.