वाळूच्या कणापासून विद्युत् घटापर्यंत

मालवणच्या किनाऱ्यावर पहाटे होड्या परतू लागल्या की बहुतेक मच्छीमारांच्या हाती भ्रमणध्वनी दिसतो. त्यातील विद्युत् घट लिथियम-आयन जातीचा असतो. या घटाची साठवणशक्ती वाढविण्याचे जे प्रयत्न जगभर चालू आहेत, त्यांत सिलिकॉन या मूलद्रव्याला मोठे स्थान आहे. आणि सिलिकॉनचे मूळ वाळूत आहे. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा या संशोधनाशी काय संबंध येतो, हा प्रश्न साहजिकच मनात येतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मालवणच्या पुळणीवरील वाळू या कामाची नव्हे. तीत शंखशिंपल्यांचा चुना व इतर खनिजे मिसळलेली असतात. उपयुक्त सिलिका वाळू सापडते ती किनाऱ्यापासून आत, कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात. काचेचे कारखाने आणि ओतशाळा हे अशा वाळूचे नेहमीचे ग्राहक होत. सिलिका हे सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग असून शंभर किलो शुद्ध सिलिकेत सुमारे ४७ किलो सिलिकॉन असते. मात्र ऑक्सिजनची पकड फार घट्ट. ती सोडविण्यासाठी प्रज्योत भट्टीत कार्बनबरोबर सुमारे २,००० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते व एका किलोमागे ११ ते १३ युनिट वीज खर्ची पडते. शिवाय या भट्टीला गारगोटीचे खडे मानवतात. बारीक वाळू तशीच टाकल्यास वायूंची वाट कोंडते.

अशा रीतीने मिळालेल्या सिलिकॉनपासून अतिसूक्ष्म कण करण्याचा एक मार्ग म्हणजे औष्णिक प्लाझ्मा. वायूचे अणू फुटून आयन व इलेक्ट्रॉन यांचे मिश्रण झाले म्हणजे त्यास प्लाझ्मा, मराठी परिभाषेत आयनद्रायू, म्हणतात. आकाशातील वीज हे त्याचे परिचित रूप होय. बंद पात्रात आरगॉन वायू भरून दोन विद्युत् अग्रांमध्ये प्रज्योत पेटविली की तिच्या गाभ्याचे तापमान दहा हजार अंशांच्याही वर जाते. सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळते व सुमारे ३,२६५ अंशांना उकळते. तेव्हा येथे त्याची वाफच होते. ही वाफ ज्योतीबाहेर पडताच एकाएकी थंड होते आणि कणांना वाढण्यास उसंत मिळत नाही. भांड्यावरच्या थंड झाकणाला वाफ धरावी, तशी पात्राच्या थंड भिंतीवर भुकटी जमते. तिचा कण काही दशक नॅनोमीटरचा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) पदार्थविज्ञान विभागात या पद्धतीने सूक्ष्मकण तयार करण्याचे संशोधन झाले आहे. पुण्यातीलच ‘सी-मेट’ ही केंद्र शासनाची संस्था घटांसाठी लागणाऱ्या द्रव्यांवर काम करते.

इतक्या बारीक कणांचा खटाटोप कशासाठी? आजच्या घटात लिथियम बहुधा ग्रॅफाइटमध्ये साठविले जाते. एक ग्रॅम ग्रॅफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युत्‌भार धरून ठेवते, तर सिलिकॉन सुमारे ३,५७९. फरक जवळजवळ दसपटीचा! परंतु लिथियम शोषताना सिलिकॉन फुगून चौपटीच्या जवळ जाते व रिकामे होताना आकसते. मोठा कण या ओढाताणीत तडकून त्याचा चुरा होतो. सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण मात्र न तडकता हा ताण सोसतो, असे प्रयोगांत आढळले आहे. तरीही सर्व अडचणी संपत नाहीत. कण जितका बारीक तितके पृष्ठफळ अधिक, आणि त्या पृष्ठावर घटातील द्रव व लिथियम नाहक खर्ची पडते. म्हणून कणांवर कार्बनचा लेप देतात, किंवा ग्रॅफाइटमध्ये थोडेच सिलिकॉन मिसळतात.

इलेक्ट्रॉनिकीत या कणांचा गुण वेगळाच आहे. सिलिकॉनचा साधा तुकडा प्रकाश देत नाही म्हटले तरी चालेल. परंतु १९९० मध्ये इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे (मालवणशी नामसाधर्म्य केवळ योगायोगाचे) ली कॅनहॅम यांनी सच्छिद्र सिलिकॉन तांबूस प्रकाश देते, असे दाखविले. पाचेक नॅनोमीटरच्या आतील कणातही हा गुण दिसतो.

आता पुन्हा कासार्ड्याकडे वळू. जिल्ह्यात वाळू आहे म्हणून घटांचा कारखाना येथे येईल, अशी आशा दाखविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्लाझ्मा यंत्राला लागणारे सिलिकॉन कोठूनही आणता येते. त्यास खरी गरज असते ती अखंड वीज, आरगॉन, थंड पाणी आणि यंत्राची नाडी ओळखणारे तंत्रज्ञ यांची. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांना या कामात वाव आहे, असे लेखकास वाटते. वाळूच्या बाबतीत पहिली पायरी अगदी साधी आहे: तीत लोह व ॲल्युमिनियम किती, हे नेमके मोजणे आणि धुऊन ते कमी करणे. वाळू कोणत्या दर्जाच्या काचेला चालेल, हेही तिच्यातील लोहावरच ठरते.

वाळू धुताना आणि चाळताना आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. सिलिकेची कोरडी धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. त्यासाठी चाळणीवर पाण्याचा फवारा असावा, तोंडावर साधे फडके न बांधता धूळ अडविणारा मुखपट वापरावा, आणि कामगारांच्या छातीची तपासणी ठरावीक काळाने व्हावी.