पोर्ट जळाले की सेटिंग चुकले?

नेटवर्किंगच्या धंद्यात आपले बरेच तरुण उतरले आहेत. त्यांपैकी एक कारागीर नुकताच एक जुना राउटर घेऊन आमच्याकडे आला. पडद्यावर अक्षरे उमटत होती, पण टाइप केलेले राउटरपर्यंत जात नव्हते. 'पोर्ट जळाले' असे त्याने गिऱ्हाइकाला सांगूनही टाकले होते. आम्ही तपासले, तर पोर्ट शाबूत होते. असा घोटाळा का होतो, ते आज पाहू.

संगणकाच्या ९ पिनांच्या सीरियल पोर्टवर २ नंबरची पिन माहिती घेते, ३ नंबरची पाठवते आणि ५ नंबरची ग्राउंड असते. ७ व ८ या पिना प्रवाह-नियंत्रणाच्या. ७ वरून संगणक आपली तयारी कळवतो, ८ वर समोरच्याची परवानगी येते. सिस्कोच्या ८ पिनांच्या कन्सोल पोर्टवर ३ नंबरची पिन पाठवते, ६ घेते, ४ व ५ ग्राउंड, १ व ८ प्रवाह-नियंत्रणाच्या. म्हणून केबल बनविताना राउटरची ३ संगणकाच्या २ ला, ६ ही ३ ला आणि ४ किंवा ५ ही ५ ला जोडावी. इतर कंपन्यांची मांडणी वेगळी असू शकते; आधी माहितीपुस्तिका पाहावी.

आता मूळ दोष. त्या तरुणाने याच तीन तारांची केबल बनविली होती, पण संगणकात 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' चालू ठेवले होते. संगणक ८ नंबरच्या पिनेवर परवानगीची वाट पाहत बसला. तेथे तारच नव्हती, मग परवानगी येणार कोठून? येणारी अक्षरे मात्र दिसत राहिली. फ्लो कंट्रोल 'नन' करताच काम झाले. सिस्कोच्या कन्सोलचे नेहमीचे सेटिंग असे: वेग ९६००, डेटा ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप १ बिट, फ्लो कंट्रोल नाही.

दुसरा प्रकार सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलचा. त्यात कंट्रोल-एस दाबल्यास प्रवाह थांबतो, कंट्रोल-क्यूने पुन्हा सुरू होतो. चुकून कंट्रोल-एस दाबले गेले की यंत्र बंद पडल्यासारखे भासते. अशा वेळी आधी कंट्रोल-क्यू दाबून पाहावे.

एक सावधगिरी घ्यावी. घरगुती राउटरच्या सर्किटवरील सीरियल पिना बहुधा ३.३ व्होल्टच्या असतात. संगणकाच्या सीरियल पोर्टवर उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. दोन्ही थेट जोडल्यास चिप खरोखरच जळेल. त्यासाठी ३.३ व्होल्टचे यूएसबी अडॅप्टर वापरावे.

गिऱ्हाइकाची वस्तू आपल्याकडे अमानत असते. सबब आधी केबल, मग सेटिंग आणि शेवटी पोर्ट, हा तपासणीचा क्रम आमच्या कारागीर बंधूंनी सोडू नये. त्या तरुणाने गिऱ्हाइकाकडे जाऊन आपली चूक सांगितली आणि फक्त तपासणीची मजुरी घेतली. पुढचे कामही त्यालाच मिळाले.