समुद्रातली वीज: नोकऱ्या कुठे आहेत, कुठे नाहीत

मुलगी किंवा मुलगा ‘सागरी ऊर्जेत करिअर करायचंय’ म्हणाला की घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. तो निघायलाच हवा. फी आणि राहण्याखाण्याचा खर्च धरला तर ब्रिटनमधलं एका वर्षाचं एमएस्सी चाळीस लाखांच्या घरात सहज जातं. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन पोरगी ज्या कंपनीत लागेल ती दोन वर्षांत बुडाली तर? पालकांची ही शंका रास्त आहे, कारण या क्षेत्रात कंपन्या खरोखरच बुडाल्या आहेत. म्हणून वाईट बातमी आधी सांगतो.

ब्रिटन हे बेटांचं राष्ट्र. त्याच्या उत्तर टोकाकडे, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही वर, ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. सत्तरेक बेटं, त्यातल्या विसेक बेटांवर वस्ती आणि लोकसंख्या सगळी मिळून बावीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला याहून जास्त माणसं असतात. 2003 साली इथल्या स्ट्रॉमनेस गावात ‘युरोपियन मरीन एनर्जी सेंटर’ सुरू झालं. समुद्राच्या तळाशी केबल आधीच टाकून ठेवलेली. कुणीही आपलं यंत्र आणावं, केबलला जोडावं आणि खऱ्या समुद्रात ते टिकतं का ते पाहावं. लाटांवरच्या यंत्रांसाठी बिलिया क्रू ही जागा आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहावरच्या यंत्रांसाठी ईडे बेटाजवळची फॉल ऑफ वॉरनेस.

2004 साली बिलिया क्रूला ‘पेलामिस’ आलं. सापासारखं लांबलचक, सांध्यासांध्यात वाकणारं. लाटांवर तरंगत देशाच्या ग्रिडला वीज देणारं ते पहिलं यंत्र. जगभर फोटो छापून आले. पण 2014 च्या नोव्हेंबरात ते बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले. पाठोपाठ 2015 साली ‘ऑइस्टर’ हे लाटांवरचं यंत्र बनवणारी अॅक्वामरीन पॉवर बंद पडली. 2008 साली ब्रिटनच्या ग्रिडला भरतीच्या प्रवाहावरची वीज पहिल्यांदा देणाऱ्या ओपनहायड्रोला 2018 साली टाळं लागलं.

आता या कंपन्यांतली माणसं कुठे गेली ते पाहू. पेलामिसचं तंत्रज्ञान ‘वेव्ह एनर्जी स्कॉटलंड’ या सरकारी पैशावर उभ्या केलेल्या संस्थेने ताब्यात घेतलं आणि तिथल्या काही अभियंत्यांनी क्वोसिअंट नावाची स्वतःची कंपनी काढली. ऑर्कनीतले बोटवाले, पाणबुडे, सर्वेक्षण करणारे, पर्यावरण सल्लागार यांचं काम तर थांबलंच नाही. एक यंत्र ओढून नेलं की दुसरं येतच होतं. नांगर टाकायला, केबल जोडायला, सील मोजायला तीच माणसं लागत होती. पुढचं सगळं मी याच अनुभवाच्या आधारे सांगणार आहे: या क्षेत्रात यंत्राला धरून करिअर आखू नये, समुद्रात काम करण्याच्या कौशल्याला धरून आखावं.

थोडं विज्ञानही पाहू, कारण मुलांना ओढ त्याचीच असते आणि पालकांनाही ते कळायला अवघड नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना ढोबळ हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वारा उद्या किती सुटेल ते सांगता येत नाही, पण भरती पुढच्या गणपतीत किती वाजता असेल ते आजच काढता येतं. भरतीच्या विजेचं सगळं आकर्षण या खात्रीत आहे. ऑर्कनीत अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटांतून पाणी घुसतं, आणि फॉल ऑफ वॉरनेसला उधाणाच्या वेळी प्रवाहाचा वेग सेकंदाला चार मीटरच्या जवळ जातो.

तिथेच ‘ओ-टू’ नावाचं यंत्र आहे. ऑर्बिटल मरीन पॉवर या कंपनीचं, 74 मीटर लांब, 2021 सालापासून ग्रिडला जोडलेलं. वर पिवळा तरंगता सांगाडा, खाली दोन बाजूंना दोन पाय आणि प्रत्येक पायाला 20 मीटर व्यासाचा पंखा. आता बारावीच्या मुलाने वही घ्यावी. पाण्याची घनता घनमीटरला 1025 किलो, वेग सेकंदाला अडीच मीटर. घनतेची निम्मी गुणिले वेगाचा घन केला की प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 8 किलोवॅट येतात. दोन पंख्यांचं मिळून क्षेत्रफळ 628 चौरस मीटर, म्हणजे पाच मेगावॅट. त्यातले चाळीस टक्के हाती लागले तर दोन मेगावॅट. यंत्राची क्षमता नेमकी तेवढीच आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट, आणि यंत्रावरचा ताणही चौपट होतो. म्हणूनच यंत्रं मोडतात.

त्या दोन पायांची गंमत अशी की ते वर उचलता येतात. पंखा पाण्याबाहेर आला की छोट्या बोटीतून जाऊन दुरुस्ती करता येते. समुद्राच्या तळाशी बसवलेलं टर्बाइन काढायचं तर मोठं जहाज भाड्याने आणावं लागतं आणि त्याचं दिवसाचं भाडं ऐकून हिशोबनिसाला घाम फुटतो. शिवाय पाणी थबकतं ते भरती आणि ओहोटीच्या मधल्या थोड्या वेळासाठीच. तेवढ्यात काम उरकलं नाही तर पुढच्या पाळीपर्यंत थांबा, किंवा उधाण ओसरून भांगाचे दिवस येईपर्यंत. हे वेळापत्रक ज्याला बसवता येतं त्या माणसाला ऑर्कनीत किंमत आहे. त्याच्या पदवीवर काय लिहिलंय हे कुणी फारसं विचारत नाही.

तळाशी बसवलेली टर्बाइनं टिकतच नाहीत असंही समजू नका. ऑर्कनी आणि स्कॉटलंडची मुख्य भूमी यांच्यामध्ये पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे. तिथल्या मेजेन प्रकल्पात दीड-दीड मेगावॅटची चार टर्बाइनं आहेत. त्यातलं एक सहा वर्षांहून जास्त काळ अनपेक्षित दुरुस्तीविना फिरत राहिलं. ही बातमी पेलामिसच्या फोटोंइतकी गाजली नाही, पण बँका आणि विमा कंपन्या वाचतात त्या असल्याच बातम्या.

आता नोकऱ्यांचा आकडा. ब्रिटनमध्ये भरतीच्या प्रवाहावर चालणारी क्षमता सगळी मिळून दहा मेगावॅटच्या आसपास आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांची मात्र 14 हजार मेगावॅटच्या वर, आणि त्या क्षेत्रात तीस हजारांहून जास्त माणसं काम करतात. 2022 च्या सरकारी लिलावात भरतीच्या विजेला मेगावॅट-तासाला 178.54 पौंड भाव मिळाला, तर समुद्रातल्या पवनऊर्जेला त्याच लिलावात 37.35 पौंड. सरकारने भरतीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवली म्हणून ती वीज विकली गेली. उद्या सरकारने ती रक्कम काढून घेतली की काय होईल, हे पालकांना सांगायला नको. तेव्हा मनात भरती असली तरी पोटापाण्याची सोय पवनचक्क्यांत, बंदरांत, समुद्री केबलमध्ये बघून ठेवावी. नांगर, केबल, गंज, थकवा येणारं पोलाद, लाटांचं गणित हे सगळीकडे सारखंच आहे.

शिकायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. बारावीनंतर लगेच ‘रिन्युएबल एनर्जी’ नावाच्या बीटेकला प्रवेश घेऊ नये. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल किंवा नेव्हल आर्किटेक्चर अशी जुनी, भक्कम शाखा घ्यावी आणि समुद्राकडे पदव्युत्तरला वळावं. शाखा भक्कम असली की क्षेत्र कोसळलं तरी माणूस उभा राहतो. नेव्हल आर्किटेक्चर आयआयटी खरगपूर, आयआयटी मद्रास, कोचीनचं कुसॅट आणि विशाखापट्टणमला आहे. आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनिअरिंग विभाग देशात जुना आणि नावाजलेला. ‘गेट’ला आता नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगचा वेगळा पेपरही असतो.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी स्वतःला इथे परकं समजू नये. ऑर्कनीत वर्षभराच्या गरजेपेक्षा जास्त वीज वारा-पाण्यापासून बनते, पण मुख्य भूमीकडे जाणाऱ्या केबलची ताकद अपुरी पडते, म्हणून कधी कधी पवनचक्क्या थांबवाव्या लागतात. ईडे बेटावर जादा विजेतून हायड्रोजन बनवण्याचे प्रयोग झाले ते याच अडचणीमुळे.

अभियांत्रिकी नको असलेल्यांसाठीही जागा आहे. बिलिया क्रूच्या कड्यावर दुर्बीण लावून बसलेले निरीक्षक सील, डॉल्फिन आणि समुद्रपक्ष्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं करत होते. यंत्र पाण्यात उतरवायच्या आधी परवाना लागतो, परवान्याला या नोंदी लागतात. प्राणिशास्त्र किंवा सागरी जीवशास्त्र शिकून संख्याशास्त्र पक्कं केलेल्या मुलीला हे काम आहे. समुद्रतळाचा भाडेपट्टा, मच्छीमारांशी बोलणी, विमा ही कामं वेगळीच. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे उन्हाळ्यात प्रकल्प मिळतो का ते विचारून पाहावं.

परदेशी जायचंच असेल तर हेरियट-वॉट विद्यापीठाचा छोटा कॅम्पस स्ट्रॉमनेसमध्येच आहे. एडिंबरोमध्ये ‘फ्लोवेव्ह’ नावाचा 25 मीटर व्यासाचा गोल हौद आहे, त्यात लाटा आणि प्रवाह हव्या त्या दिशेने सोडता येतात. ग्लासगोचं स्ट्रॅथक्लाइड जहाजबांधणीच्या परंपरेतलं. निघण्याआधी हवामानाची मात्र नीट कल्पना करून घ्या. डिसेंबरात ऑर्कनीत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि वारा अखंड. बोट लागणाऱ्या मुलाने हौदात आणि संगणकावर काम शोधावं, त्यात कमीपणा काही नाही.

आणि व्हिसा. पदव्युत्तर शिक्षणानंतर काम शोधायला मिळणारी दोन वर्षांची मुदत 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येणार आहे. कर्जाचा हप्ता परदेशी पगारावर अवलंबून ठेवू नका. भारतात परतलं तर हप्ता जमेल का, हे गणित आधी मांडा.

परतल्यावर इथे काय आहे? भारताने 1991 सालीच केरळात विळिंजमला लाटांवर चालणारं 150 किलोवॅटचं संयंत्र उभारलं होतं. ते आज चालत नाही. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 65 किलोवॅटच्या संयंत्राचं काम करते आहे. समुद्राचं वरचं कोमट आणि खोलवरचं गार पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर ते चालणार. हे काम संशोधनाचं, जागा मोजक्या. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पवनऊर्जेसाठी केंद्राने जून 2024 मध्ये 7,453 कोटींची योजना मंजूर केली, पण निविदांची गाडी अडखळतेच आहे. आज भरवसा धरावा असा मालक म्हणजे तेल आणि वायूचा उद्योग. मुंबई हायला 1974 साली तेल लागलं, तेव्हापासून समुद्रातले प्लॅटफॉर्म बांधणं आणि सांभाळणं हे काम मुंबईला ठाऊक आहे. माझगाव डॉकनेही ते केलंय. हरित ऊर्जेची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांना तेलाचं नाव काढलेलं आवडत नाही. पण स्कॉटलंडच्या तेलनगरी अॅबर्डीनमधून कितीतरी लोक तेलाकडूनच पवनचक्क्यांकडे गेले, ती वाट उलटी समजू नये.

आयटीआय आणि पदविकावाल्या मुलांचं कुणी बोलत नाही. पाण्याखालचं वेल्डिंग, हाय व्होल्टेजचं काम, रोप अॅक्सेस यांना जगभर मागणी आहे. ‘ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन’चं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण थोड्या दिवसांत होतं: प्रथमोपचार, ओझं उचलणं, आग, उंचीवरचं काम आणि समुद्रात जीव वाचवणं. भारतातही ते मिळतं. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला यातला शेवटचा भाग शिकवायला फार वेळ लागणार नाही.

प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला ईमेलने तीन गोष्टी विचारा. अभ्यासक्रमातला किती भाग प्रत्यक्ष हौदात किंवा समुद्रात होतो. मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कोणत्या कंपन्यांत, कोणत्या पदावर आहेत, आणि त्यात भारतीय पासपोर्टवाले किती. प्रबंध एखाद्या कंपनीसोबत करता येतो का, की विषय प्राध्यापकच देतात. उत्तरात नुसतं माहितीपत्रक आलं तर दुसऱ्या विद्यापीठाला ईमेल करा.