जाळाविना वीज

चूल मंदावली की आपण फुंकणीने फुंकतो. सरपणाला प्राणवायू मिळाला की जाळ होतो.

इंधन-घट म्हणजे वीज करणारा डबा. त्यात जाळ नसतो. एका बाजूने हायड्रोजन वायू सोडतात, दुसऱ्या बाजूने प्राणवायू. मध्ये पडदा असतो. हायड्रोजनमधले विजेचे कण तारेतून वळसा घालून पलीकडे जातात. हीच वीज! दोन्ही वायू मिळून पाणी होतं.

१९७० साली अमेरिकेचे तिघे चंद्राकडे निघाले. यानात असेच घट होते. त्यांचीच वीज, त्यांचंच पाणी. वाटेत प्राणवायूची टाकी फुटली. घट बंद पडले. जोडीच्या छोट्या यानात बॅटऱ्या होत्या, म्हणून तिघे जिवंत परतले.

आपण ध्यानात ठेवू: नुसतं सरपण असून भागत नाही. चूल असो की घट, प्राणवायू हवाच.