चंपकम दोराईराजन खटला आणि अनुच्छेद १५(४)

न्यायालयाचा निकाल चुकीचा असू शकतो काय, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तरादाखल आम्ही त्यांना हा खटला सांगतो.

मद्रास राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रवेश एका शासकीय आदेशानुसार होत. दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ अस्पृश्यांना (आदेशातील शब्द निराळा आहे, तो आम्ही लिहीत नाही), १ मुसलमानांना आणि १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना. संविधान लागू होताच या वाटणीला आव्हान दिले गेले. वैद्यकीय प्रवेशाबाबत दाद मागणाऱ्या चंपकम यांनी प्रवेश-अर्जच केलेला नव्हता, ही गोष्टही नोंदवून ठेवावी! उच्च न्यायालयाने आदेश रद्द ठरविला. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने तेच कायम केले.

अनुच्छेद २९(२) नुसार राज्याच्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून कोणासही प्रवेश नाकारता येत नाही. दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपण्यास सांगणारा अनुच्छेद ४६ शासनाने पुढे केला. न्यायालयाने म्हटले, मार्गदर्शक तत्त्वे मूलभूत हक्कांवर मात करू शकत नाहीत. शिवाय नोकऱ्यांसाठी १६(४) आहे, तशी तरतूद २९ मध्ये नाही, म्हणजे ती हेतुतःच ठेवलेली नाही. अक्षरार्थाने पाहता हा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तथापि कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदेत बोट ठेवले ते ‘केवळ’ या एका शब्दावर. केवळ जातीवरून भेद निषिद्ध आहे; अन्य आधारही असेल तर नाही, आणि न्यायालयाने या शब्दाला महत्त्वच दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निकाल पाळण्यास आपण बांधील आहोत, त्याचा आदर करण्यास नव्हे, असे वकिलीच्या काळात आपण न्यायाधीशांना ऐकवीत असू, हेही त्यांनी सभागृहात सांगितले.

शासनाने निकाल झुगारला नाही. संविधानच दुरुस्त करून घेतले. १८ जून १९५१ रोजी पहिली घटनादुरुस्ती अमलात आली. (तिनेच भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधही वाढविले. ते आम्हांस रुचत नाही, पण तो स्वतंत्र पाठाचा विषय.) तिने घातलेल्या १५(४) मध्ये २९(२) चा नामनिर्देश मुद्दाम केलेला आहे. आमचे जे माजी विद्यार्थी शासकीय महाविद्यालयांत राखीव जागेवर शिकले, त्यांच्या प्रवेशाचा आधार हाच खंड होय.