बोटॉक्स-फिलर : दर युनिटचा विचारा, डॉक्टर सोमवारचा

“बोटॉक्सला किती घेता?” असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एक गोल आकडा सांगतात. त्यावरून काहीच कळत नाही. बोटॉक्स युनिटमध्ये मोजतात. भुवयांमधल्या आठ्यांना २० युनिट, डोळ्यांच्या कडेच्या रेषांना दोन्ही बाजू मिळून २४ युनिट, ही कंपनीच्या माहितीपत्रकातली मात्रा. पुण्यात युनिटला साधारण २५० ते ४५० रुपये पडतात, म्हणजे नुसत्या आठ्यांचे पाच ते नऊ हजार. परिणाम तीन-चार महिने टिकतो. वर्षभर तसंच ठेवायचं तर हा आकडा तिप्पट ते चौपट धरा.

मग दोन हजारांत पूर्ण चेहरा कसा होतो? औषध पावडरीच्या रूपात येतं आणि सलाइनमध्ये मिसळावं लागतं. १०० युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. सलाइन दुप्पट केलं की टोचण्या तितक्याच, औषध निम्मं. म्हणून बाटली समोर उघडायला सांगा. ब्रँड, बॅच क्रमांक आणि मुदत यांचा फोटो घ्या. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचं युनिट आणि बोटॉक्सचं युनिट सारखं नसतं, त्यामुळे ब्रँड न विचारता दोन दवाखान्यांचे दर ताडून उपयोग नाही. बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि मिसळल्यावर २४ तासांत संपवायची असते. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

बोटॉक्स बिघडलं तर पापणी उतरते, दोन-चार आठवडे त्रास होतो, पण बहुधा आपोआप निवळतं. फिलरचं तसं नाही. ओठ किंवा गाल भरणारं हायल्युरॉनिक आम्लाचं हे जेल एक मिलीच्या सिरिंजमध्ये येतं. सिरिंजमागे पंधरा ते पस्तीस हजार. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडते, ठणका लागतो, आणि काही तासांत उपचार झाले नाहीत तर तिथली त्वचा मरते. डोळ्याची रक्तवाहिनी अडली तर कायमची दृष्टी जाऊ शकते, आणि तिथे हाताशी तासही नसतात. जेल विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, त्याच खोलीत हवं. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. तेवढ्या वाटेत वेळ निघून जातो.

इथे आपल्या भागातली खरी अडचण येते. तालुक्याच्या गावात पुण्याचे डॉक्टर ठरावीक दिवशी, बहुधा रविवारी येतात. त्यांचं शिक्षण उत्तम असेल, पण सोमवारी रात्री ओठ काळानिळा पडला तर कोण पाहणार? नाव आणि फोन लिहून मागा. उत्तर “रिसेप्शनला फोन करा” असं आलं, तर माझ्या मते फिलर तिथे घेऊच नये. डॉक्टर ज्या गावात राहतात तिथे जाऊन घ्यावा आणि एक रात्र मुक्कामाचा खर्च धरावा. बोटॉक्सला पाहुणा डॉक्टर चालेल, मात्र पंधरा दिवसांनी तपासणीला तोच येणार असेल तर. लग्न असेल तर किमान तीन आठवडे आधी उरकून घ्या.

पदवी पाहताना पाटीवरच्या ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ किंवा ‘फेलोशिप’ या शब्दांवर थांबू नका. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, नाहीतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच हवी. नोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदीत ही वाढीव पदवी आणि नूतनीकरण तपासा. दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. बीएएमएस, बीएचएमएस या पदव्या खऱ्याच, पण ते त्वचारोगातलं पदव्युत्तर शिक्षण नव्हे. ब्यूटी पार्लरमध्ये सुई टोचून घेण्याचा तर विचारही नको.

गोरेपणासाठी ग्लुटाथायोनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर उठून या. त्वचा उजळवण्यासाठी त्याला मान्यता नाही. पुष्कळदा मूळ तक्रार वांगाची असते. त्यासाठी बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी त्वचारोगतज्ज्ञांचं मत घ्या; केसपेपरच्या किरकोळ खर्चात काम होतं. तिथे किंवा खासगीत, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारण्याची वाट न पाहता सांगा.

सौंदर्योपचाराचा खर्च आरोग्यविम्यात बसत नाही. जीएसटी दरात धरलाय की वर लागणार, हेही आधीच ठरवा. बिलावर ब्रँड, युनिट किंवा मिली आणि डॉक्टरांचं नाव लिहून घ्या. नुसत्या ‘स्किन ट्रीटमेंट’ असं लिहिलेल्या पावतीवर पुढे काही सिद्ध करणं अवघड जातं. पदवीच बनावट वाटली तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. औषधाबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे. नुकसानभरपाईसाठी पुण्यातला जिल्हा ग्राहक आयोग आहे: दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मार्गदर्शनाला १९१५ हा क्रमांक आहे. आयोगापुढे आधीचा आणि नंतरचा चेहरा दाखवावा लागतो. दवाखान्याने काढलेला फोटो दवाखान्याकडेच राहतो, तेव्हा सुईआधीचा एक स्वतःच्या मोबाइलवर काढून ठेवा.